उलटसुलट फिरणारा रोटाव्हेटर घ्यावा का? लिव्हरच्या आधी पाती बघा

वाळवा तालुक्यातल्या एका शेतकरी बंधूंनी प्रश्न विचारला आहे. त्यांच्याकडे ४५ एचपीचा टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आणि सात एकर रान आहे. चार एकर काळ्या रानात ऊस आणि हळद आलटून पालटून असते. उरलेलं तीन एकर माळाकडचं, खडी-मुरमाचं, तिथे मल्चिंगवर, म्हणजे बेडवर प्लास्टिक पेपर अंथरून, टोमॅटो आणि मिरची. दुकानदार त्यांना सहा फुटी रोटाव्हेटर (म्हणजेच रोटर, फिरत्या पात्यांनी माती फोडणारं ट्रॅक्टरमागचं अवजार) दाखवतोय. लिव्हर टाकली की पाती उलटी फिरतात, दगड आणि काडीकचरा खाली जातो आणि वर चाळल्यासारखी माती येते, असं त्याचं म्हणणं. प्रश्न तीन आहेत. हा घ्यावा का? साध्या रोटरपेक्षा जास्तीचे पैसे वसूल होतील का? आणि ट्रॅक्टरला रिव्हर्स पीटीओ (इंजिनाची ताकद अवजाराला देणारा मागचा शाफ्ट उलटा फिरवायची सोय) आहेच, तर साधाच रोटर घेऊन तो उलटा फिरवला तर चालेल का?

आमचं अवजारं दुरुस्तीचं वर्कशॉप आहे आणि हंगामात आम्ही भाड्याने मशागतही करतो. त्यामुळे ही यंत्रं रानात चालताना बघतो आणि मोडून आली की उघडूनही बघतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात नुकसान सगळ्यात मोठं आहे. साधा रोटर रिव्हर्स पीटीओवर चालवू नका. कारण पुढे सांगतोच.

बाकीच्या दोन प्रश्नांबद्दल एक गोष्ट आधी. यंत्र उलटं फिरतं का, हे विचारून उपयोग नाही. वर्षभरात उलटं फिरवण्याचं काम तुमच्याकडे किती आहे आणि तुमचा ट्रॅक्टर त्या कामाला लागतो तेवढा हळू चालतो का, या दोनच गोष्टींवर निर्णय व्हायला हवा.

आता दोन दिशांमध्ये मातीचं नेमकं काय होतं ते बघू. साध्या रोटरची पाती चाकांच्याच दिशेने फिरतात. पातं वरून खाली येतं, मातीचा घास तोडतं आणि मागे फेकतं. मागचा झुलता पत्रा त्या ढेकळांना थोपवतो, त्यावर आपटून ती आणखी फुटतात. तोडताना पाती ट्रॅक्टरला पुढे ढकलतात, म्हणून रोटर मारताना ट्रॅक्टर ओढतोय असं वाटतच नाही. पण त्याच वेळी माती पात्याला वर उचलून धरते. कडक रानात रोटर उड्या मारतो तो त्यामुळे. हलका रोटर असला की मग लोक वर दगड बांधतात, कुठे कुठे माणूसही उभा करतात. माणूस कधीही उभा करू नका. त्या पत्र्याखाली काय फिरतंय ते आम्ही रोज बघतो.

उलट्या फिरण्यात पातं तळातून सुरुवात करतं. न फोडलेल्या मातीच्या खालून ते वर येतं आणि माती पुढे, वरच्या दिशेने उचलतं. ती माती हुडच्या, म्हणजे पात्यांवरच्या झाकणाच्या, आतून, रोटरच्या डोक्यावरून मागे जाते. साधा रोटर म्हणजे कुदळीने खणणं आणि उलटा म्हणजे खोऱ्याने माती उपसून मागे टाकणं, असा हा फरक आहे. मागे पोलादी फासळ्यांची जाळी असते. दगड, ढेकळं, काडीकचरा जाळीवर आपटून लगेच खाली पडतो. बारीक माती फटींतून पलीकडे जाते आणि उशिरा, म्हणजे सगळ्यांच्या वर पडते. त्यामागे रोलर असेल तर वरचा थर हलका दाबून सपाट करतो. इटलीत बनणारी दगड पुरणारी यंत्रं याच तत्त्वावर चालतात. भाजीपाल्याचे बेड आणि लॉनची जमीन तयार करायला तिकडे ती पुष्कळ वापरतात.

यातली जाळी विसरू नका. दुकानात जे यंत्र दाखवतात त्याच्या मागे जाळी आहे, की साध्या रोटरचाच पत्रा आहे, हे वाकून बघा. जाळी नसेल तर यंत्र उलटं फिरेल, माती बारीकही करेल, पण दगड खाली आणि माती वर ही निवड नीट होणार नाही. तुम्हाला हवंय ते नेमकं तेच काम आहे.

उलट्या दिशेत ट्रॅक्टरला मिळणारा तो पुढचा धक्का नाहीसा होतो. उलट पाती यंत्राला मागे ओढतात आणि खालीही खेचतात. खाली खेचतात म्हणून खोली गाठायला वजन लागत नाही, पण बाजूचे स्किड (खोली ठरवणाऱ्या, जमिनीवर घसरणाऱ्या पट्ट्या) नीट लावले नाहीत तर यंत्र नको तेवढं खोल जातं आणि इंजिन दबतं. मागे ओढतात म्हणून ट्रॅक्टरला खरोखर ओढावं लागतं. टू-व्हील ड्राइव्हची मागची चाकं भुसभुशीत रानात घसरायला लागतात. मागच्या टायरमध्ये पाणी भरलेलं असलं किंवा चाकांना वजनं लावलेली असली तर फरक पडतो. चाक जागच्या जागी फिरतंय, वेग पडलाय आणि पाती तेवढ्याच जोरात फिरतायत, अशा वेळी माती पिठासारखी होते. डिझेल जातं ते वेगळंच.

आता वेग. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट, आणि दुकानात तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. पीटीओ ५४० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ५४० फेऱ्यांवर, असताना रोटरचा शाफ्ट मिनिटाला साधारण २०० फेरे घेतो असं धरू. नेहमीच्या रोटरला एका फ्लँजवर (शाफ्टवरच्या, पाती बसवायच्या चकतीवर) सहा पाती असतात, तीन डावीकडे वळलेली आणि तीन उजवीकडे. म्हणजे एका बाजूचं पातं एका फेऱ्यात तीनदा मातीत उतरतं, मिनिटाला ६०० वेळा. ट्रॅक्टर ताशी ३ किलोमीटरने चालला तर मिनिटाला ५० मीटर जातो. ५० मीटरला ६०० ने भागा, एक घास साधारण ८ सेंटिमीटरचा येतो. ताशी २ किलोमीटरने चाललात तर तोच घास साडेपाच सेंटिमीटरवर येतो. साध्या कामाला ८ सेंटिमीटर चालतं, त्याने ढेकूळ बऱ्यापैकी फुटतं. उलट्या कामात मात्र माती हुडमधून वरून न्यायची असते. घास मोठा झाला की माती रोटरच्या पुढेच साचते, पाती तीच माती पुन्हा पुन्हा घुसळतात आणि इंजिन काळा धूर सोडायला लागतं. म्हणून उलट्या कामाला ताशी दीड ते दोन किलोमीटर हाच वेग आम्ही धरतो.

आता तुमच्या ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तकात वेगाचा तक्ता काढा. पीटीओला ५४० फेरे मिळतात त्या इंजिन आरपीएमला लो-एकमध्ये, म्हणजे सगळ्यात हळू गिअरमध्ये, वेग किती, ते बघा. बऱ्याच जुन्या ४५ एचपी ट्रॅक्टरमध्ये पहिला गिअरच दोन-अडीचच्या पुढे पळतो. क्लच दाबून दाबून वेग कमी करायला जाल तर सगळा भार क्लचप्लेटवर येतो. पीटीओचे फेरे कमी करून वेग उतरवलात तर पात्यांचे फेरेही उतरतात आणि घास होता तेवढाच राहतो. क्रीपर गिअर (अगदी मुंगीच्या वेगाने चालवायचा जादा गिअर) असेल तर प्रश्न मिटला. नसेल आणि लो-एक दोनच्या वर असेल, तर उलटसुलट यंत्राचा विचार इथेच थांबवा. बाकी कितीही गुण असले तरी तुमच्या ट्रॅक्टरवर ते यंत्र तुमचं काम करणार नाही.

हळू चालण्याचा हिशोब वेळेतही येतो. पाच फुटी रोटर, म्हणजे दीड मीटर रुंदी, ताशी ३ किलोमीटर, वळणं आणि एकमेकांवर चढणारे पट्टे यांत पाचवा हिस्सा गेला असं धरलं, तर एकराला सव्वा तासाच्या आत काम होतं. ताशी २ किलोमीटरला तोच एकर पावणेदोन तासांजवळ जातो. तीन एकराला हे सोसतं. भाड्याने पन्नास एकर मारणाऱ्याने हा आकडा दहादा मोजावा.

आता पाती. लिव्हर बघून माणूस खूश होतो, पण खरी गोम पात्यांत आहे. आपल्याकडे चालतं ते एल आकाराचं पातं. त्याला एकाच बाजूला धार असते, दुसरी बाजू जाड पाठ. ऑस्ट्रेलियातल्या आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी १९१२ च्या सुमारास फिरत्या पात्यांनी जमीन खणण्याचे प्रयोग सुरू केले, तेव्हा त्यांच्या पहिल्या यंत्रांतून माती बाजूला उडायची. पुढे त्यांनी पात्याला एल आकार दिला आणि ती अडचण गेली. शंभर वर्षं झाली तरी यंत्राचं काम पात्याच्या आकारावरच ठरतं. रोटर उलटा फिरवला आणि पाती तशीच ठेवली, तर मातीवर धार न येता पाठ येते. ती माती कापत नाही, बडवते.

म्हणून एल पात्यांच्या यंत्रात दिशा बदलायची तर प्रत्येक पातं काढून उलटं बसवावं लागतं. असं उलटलं की डावीकडे वळलेलं पातं उजवीकडे वळतं, त्यामुळे त्याची जागाही बदलते. पाच फुटी रोटरला साधारण ३६ पाती असतात. प्रत्येकाला दोन बोल्ट, म्हणजे ७२ बोल्ट. त्यातले निम्मे तरी मातीने आणि गंजाने धरलेले असतात. दोन माणसांचा अर्धा दिवस सहज जातो. आणि पाती बसवताना त्यांचा मळसूत्री क्रम सांभाळावा लागतो, म्हणजे एका वेळी एकच पातं मातीत उतरलं पाहिजे. दोन-चार एकदम उतरली की रोटर धडधडतो आणि तो हादरा गिअरबॉक्सपर्यंत जातो.

काही यंत्रांत यावर उपाय म्हणून दोन्ही कडांना धार असलेली, सरळसर पाती देतात. ती दोन्ही दिशांना कापतात हे खरं. पण एल पात्याचं आडवं पाऊल तळातून तण तासून काढतं, ते काम सरळ पात्याला तेवढं जमत नाही. काही यंत्रांबरोबर दुसरा रोटर शाफ्ट मिळतो, पात्यांसकट. पाती एकेक बदलण्यापेक्षा तो बरा, पण तो उचलायला दोन-तीन माणसं आणि ठेवायला शेड लागते. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारा: लिव्हर टाकल्यावर पात्यांचं काय करायचं? काहीच करायचं नाही, असं उत्तर आलं तर पाती हातात घेऊन बघा. एकाच कडेला धार असेल तर ते उत्तर चुकीचं आहे.

हा गोंधळ का होतो तेही सांगतो. हातात धरून चालवायच्या लहान टिलरमध्ये काही ठिकाणी लिव्हर टाकली की पाती खरंच उलटी फिरतात. तिथे ताकद पाच-सात एचपीची, खोली दोन-तीन इंचांची, पाती हलकी. तिथलं बघून ट्रॅक्टरच्या रोटरचा अंदाज बांधायचा नाही.

आता रिव्हर्स पीटीओ. ट्रॅक्टरला तो दिलाय तो थ्रेशर किंवा कुट्टी मशीनमध्ये काही अडकलं तर उलटं फिरवून मोकळं करायला. साध्या रोटरचा गिअरबॉक्स एका दिशेचा भार धरून बनवलेला असतो. क्राउन-पिनियनचे (गिअरबॉक्समधल्या मोठ्या-लहान गिअरच्या जोडीचे) दात एका अंगाने घासून बसलेले असतात, उलट्या दिशेत भार दुसऱ्या अंगावर येतो. पिनियनला बेअरिंगवर ढकलणारा जोरही उलटतो. चेन ड्राइव्हचा रोटर असेल तर त्याहून वाईट. चेनच्या सैल बाजूला ताण धरणारी पट्टी असते. दिशा उलटली की सैल बाजू ताणाची होते आणि इंजिनाची सगळी ताकद त्या पट्टीवर येते.

असा एक रोटर आमच्याकडे उघडायला आला होता. मालकाने टोमॅटोचे बेड करायला तो रिव्हर्स पीटीओवर चालवला होता. पाती काढली तर धारेच्या कडेवर कंपनीचा काळा रंग जवळपास शाबूत होता आणि जाड पाठ मात्र आरशासारखी घासून निघालेली, कोपरे गोल झालेले. बाजूच्या चेनकेसचं झाकण काढलं, तेलाबरोबर ताणपट्टीचे दोन तुकडे खाली आले. चेनच्या दोन कड्या ताणून लांब झाल्या होत्या. यंत्र वॉरंटीत होतं, पण उलट्या वापराला वॉरंटी लागू होत नाही हे कागदावर लिहिलेलं होतं. मालकाचा हंगाम गेला, खर्चही त्याच्याच अंगावर आला.

म्हणून उलटसुलट घ्यायचाच असेल तर गिअरबॉक्स मुळातच दोन्ही दिशांसाठी बनवलेला हवा, बाजूची ड्राइव्ह चेनची नको, गिअरची हवी, आणि पीटीओ शाफ्टला स्लिप क्लच हवा. उलट्या दिशेत दगड रोटर आणि हुडच्या मध्ये वर जाऊन अडकतो. अशा वेळी क्लच घसरला तर गिअर वाचतात. शिअर बोल्टवरही (जास्त भार आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट) काम भागतं, पण खडीच्या रानात बोल्ट बदलण्यातच दुपार जाते, मग कोणीतरी कंटाळून जाडजूड कडक बोल्ट घालतो आणि तुटायचं ते आत तुटतं. पुढच्या बाजूलाही संरक्षणाचा पत्रा किंवा साखळ्यांचा पडदा हवा. साधा रोटर खडे मागे फेकतो, उलटा पुढे फेकतो, आणि पुढे तुम्ही बसलेले असता.

लिव्हरबद्दल आणखी एक. काही यंत्रांत लिव्हर नसतेच. गिअरबॉक्स उघडून क्राउन एका बाजूचं काढून दुसऱ्या बाजूला बसवायचं असतं. वर्षातून एकदा दिशा बदलायची असेल तर हे वाईट नाही, यात आतले भाग कमी असतात आणि बिघाडही कमी. पण ते काम वर्कशॉपमध्ये, शिम (फट जुळवणाऱ्या पातळ चकत्या) लावून, दातांची फट बघून करायचं असतं, बांधावर नाही. लिव्हर असलेल्यात दिशा बदलताना पीटीओ पूर्ण थांबलेला पाहिजे, हे तुमच्या ड्रायव्हरला पहिल्या दिवशीच बजावून सांगा.

आता तुमच्या रानाकडे येऊ. चार एकर काळं रान आणि तीन एकर माळ, यांची गणितं वेगळी आहेत.

काळ्या रानात वाफसा (मशागतीला योग्य अशी ओल) चुकला की उलटा रोटर साध्यापेक्षा आधी अडतो. ओली चिकण माती हुडच्या आत चिकटते, जाळीच्या फटी बुजतात आणि मग मागे काहीच पडत नाही, पुढे चिखलाचा लोंढा तयार होतो. मुठीत दाबलेला गोळा खांद्याच्या उंचीवरून सोडला आणि फुटला, तर रान तयार आहे. फुटला नाही तर थांबा. काळ्या रानाला वाफसा येतो आणि जातो तो थोड्याच दिवसांत, आणि त्या दिवसांत ताशी दोन किलोमीटरने चार एकर उरकायचं म्हणजे घाई होते. शिवाय काळी माती फार बारीक केली की पहिल्या पावसात वर पापुद्रा धरते, पाणी मुरत नाही, हळदीचा कोंब वर यायला त्रास होतो. हळदीच्या बेडला ढेकळं नकोत हे बरोबर, पण पीठही नको. एका चांगल्या नांगरटीनंतर, ढेकळं तापल्यावर, साधा रोटर एकदा मारला की तुमच्या काळ्या रानाचं काम होतं. दुसऱ्यांदा रोटर मारायचा मोह टाळा. दरवर्षी त्याच खोलीवर एल पात्याचं पाऊल घासून घासून खाली कडक थर बसतो. तो फोडायला मग सबसॉयलर आणावा लागतो.

उसाच्या पाचटासाठी उलटा रोटर घ्यावा, हा सल्ला मी देणार नाही. अखंड पाचट कोणत्याही दिशेला शाफ्टला गुंडाळलं जातं. ते बेअरिंगच्या बाजूला सील खाली शिरतं, सील कापतं, तेल गळायला लागतं आणि आठवड्याने बेअरिंग ओरडतं. आधी पाचटाची कुट्टी करा, मग हवा तो रोटर चालवा. खोडवा ठेवणार असाल तर पाचट पुरायचंच कशाला? सरीत तसंच राहू द्या. आणि ड्रीपच्या नळ्या गोळा केल्याशिवाय रानात रोटर घालू नका, त्या गुंडाळल्या तर कापून काढायला तास जातो.

माळाच्या तीन एकरात मात्र उलट्या रोटरला खरं काम आहे. मल्चिंग पेपर पंचवीस-तीस मायक्रॉनचा. बेडवर टोकदार खडा वर राहिला की पेपर ताणताना फाटतो, तिथून तण बाहेर येतं. पेपर आणि मातीत पोकळी राहिली की खालची हवा तापते आणि रोपाचा बुडखा भाजतो. उलट्या रोटरने केलेल्या बेडवर वरची तीन-चार बोटं माती चाळलेली असते, पेपर अंगाला बसतो, लॅटरल (ठिबकची नळी) सरळ राहते. हा फायदा आम्ही डोळ्यांनी बघितलाय, त्याबद्दल शंका नाही.

पण दोन अटी. लिंबाएवढा दगड यंत्र पुरतं. नारळाएवढा दगड पातं तोडतो, तो आधी वेचूनच काढावा लागतो. आणि दगड पुरले म्हणजे गेले नाहीत. पुढच्या वर्षी त्याच रानात पलटी नांगर मारलात की सगळे परत वर. म्हणून उलटा रोटर वापरायचं ठरवलं तर त्या तीन एकरात पलटी नांगर बंद करा, चिझल नांगराने (माती न पलटता फोडणाऱ्या) खोल फोडा आणि वरून रोटर घाला. हे सांगणारा दुकानदार मला अजून भेटलेला नाही.

हराळी आणि लव्हाळा असेल तर दोन्ही दिशा सारख्याच निकामी. हराळीच्या काशा तोडून तुम्ही एका मुळीच्या दहा करता, उलट्या रोटरने फक्त त्या थोड्या खाली जातात आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा वर येतात. त्याला उन्हाळ्यात नांगरून काशा वेचणं किंवा तणनाशक, हाच मार्ग.

रुंदीबद्दल. दुकानदार सहा फुटी दाखवतोय, ते तुमच्या ट्रॅक्टरला मोठं आहे. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरच्या पीटीओला ३८ च्या आसपास एचपी मिळतात. फुटाला आठ-नऊ एचपी इंजिनाची, असा आमचा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे साध्या दिशेत पाच फुटी आरामात चालतो, सहा फुटी हलक्या रानातच. उलट्या दिशेत एक फूट कमी धरा. शिवाय जाळी, रोलर, दुहेरी गिअरबॉक्स यांनी यंत्र जड होतं आणि त्याचा भार ट्रॅक्टरपासून लांब, मागे जातो. बांधावर वळताना यंत्र उचललं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही. पुढे वजनं लावावी लागतील. फक्त एक बघा, रोटरची रुंदी मागच्या चाकांच्या बाहेरच्या मापापेक्षा कमी नको, नाहीतर एका चाकाचा दाबलेला पट्टा तसाच राहतो. तशी वेळ आली तर रोटर एका बाजूला सरकवून बसवायची सोय आहे का ते विचारा.

पैशाचा हिशोब असा मांडा. समजा दोन यंत्रांत फरक ६०,००० रुपयांचा आहे. उलट्या कामाचं रान तीन एकर, वर्षात दोनदा बेड, म्हणजे सहा एकर. दहा वर्षं यंत्र चाललं तर साठ एकर. एकराला १,००० रुपये नुसते फरकाचे पडले, व्याज, जास्तीचं डिझेल आणि पाती वेगळी. तुमच्या आसपास कोणी उलट्या रोटरने किंवा बेडमेकरने भाड्याने बेड करून देत असेल तर त्याचा दर विचारा आणि या आकड्याशेजारी ठेवा. स्वतःचे खरे आकडे घाला, उत्तर पाच मिनिटांत मिळेल.

अनुदान घेणार असाल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करा, आधी पावती केली की अनुदान अडकतं. आणि तुम्ही निवडलेलं मॉडेल, नेमकं तेच उलटसुलट मॉडेल, चाचणी झालेलं आहे का ते विचारा. साध्या मॉडेलचा अहवाल दाखवून दुसरं यंत्र देणं चालत नाही. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची शेती यंत्रांची चाचणी संस्था आहे. अशा संस्थांच्या रोटरच्या अहवालात पात्याचा कडकपणा, ठरावीक तासांनंतर पाती किती झिजली, किती डिझेल लागलं, हे सगळं मोजून दिलेलं असतं. दुकानातल्या माहितीपत्रकापेक्षा तो अहवाल वाचा.

एवढं सगळं धरून, तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? पाच फुटी साधा रोटर घेतला असता, गिअर ड्राइव्हचा, गिअर बदलून फेरे कमी-जास्त करता येतील असा मल्टीस्पीड, एल पात्यांचा. पहिल्या चाळीस-पन्नास तासांनी तेल बदललं असतं आणि पहिल्या दिवशीच्या कामानंतर सगळे पात्यांचे बोल्ट पुन्हा आवळले असते. माळाच्या तीन एकराला उलट्या रोटरचे बेड भाड्याने करून घेतले असते, निदान एक हंगाम. त्या हंगामात पेपर किती फाटला, मजूर किती वाचले हे दिसेल.

दोन परिस्थितींत माझं मत बदलेल. तुमच्या भागात उलट्या रोटरचं भाड्याचं यंत्रच नसेल आणि तुम्ही स्वतः पाच-पन्नास एकर बेड इतरांना करून द्यायची तयारी ठेवली असेल, तर यंत्र घ्या, पण मग ५५ एचपीच्या पुढचा, फोर-व्हील ड्राइव्ह, क्रीपरवाला ट्रॅक्टर त्याला हवा. किंवा तुम्ही माळाचं रान वाढवणार असाल आणि ऊस कमी करून सगळा भर मल्चिंगच्या भाजीपाल्यावर देणार असाल, तर वर्षातलं बहुतेक काम उलट्या दिशेचंच होईल. तेव्हा उलटसुलटच्या भानगडीत न पडता कायम उलटंच फिरणारं बेडचं यंत्र घेतलेलं जास्त बरं. त्याची पाती, हुड, जाळी सगळं एकाच कामासाठी बेतलेलं असतं.

तरीही दुकानदाराचं यंत्रच आवडलं असेल तर पैसे देण्याआधी ते तुमच्या माळाच्या रानात, तुमच्याच ट्रॅक्टरवर चालवून मागा. वाफशाला, लो-एकमध्ये, शंभर फूट लांब पट्टा मारा. मग पट्ट्याच्या आडवा, रोटरच्या पूर्ण रुंदीएवढी, वीतभर खोल चर हाताने काढा. चराच्या भिंतीत वर बारीक माती आणि खाली खडे असे दोन थर डावीकडून उजवीकडे सलग दिसले पाहिजेत. मधेच खडे वर आलेले दिसले तर तिथली जाळी वाकलेली आहे किंवा वेग जास्त आहे. तळ बघा, सपाट आणि गुळगुळीत चकाकत असेल तर माती ओली होती, चाचणी पुन्हा घ्या. चाकाच्या मागे किती घसर आली तेही मोजा: मागच्या चाकाला खडूने खूण करा, दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर रोटर उचलून किती गेला आणि रोटर चालवून किती गेला, दोन्ही पावलांनी मोजा. पंधरा टक्क्यांच्या वर फरक आला तर तो ट्रॅक्टर त्या यंत्राला पुरत नाही.

तुमच्या ट्रॅक्टरचं मॉडेल, लो-एकचा वेग आणि मागच्या चाकांचं बाहेरून बाहेर माप इथे लिहा. त्यावरून रोटरची रुंदी आणि फेऱ्यांची गिअरजोडी नेमकी सांगता येईल.